बारावा पाणपक्षी

चष्मेवाल्याला मी भाऊ म्हणायचे. सख्ख्या भावाशी बोलले नसेन एवढं त्याच्याशी बोलले, तेही सगळं पाखरांवर. माझं पडदे शिवायचं दुकान, समोर त्याचं चष्म्याचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याच्या काउंटरवर पाखरांच्या चित्रांची पोस्टकार्डं मांडून आमची अदलाबदल चालायची. माझ्या दोन सुगरणी, त्याचं एक घुबड. नवरा म्हणायचा, "पडद्यांपेक्षा हिची पाखरंच जास्त खपतात."

मला खरं तर एकच कार्ड हवं होतं. आईने लग्नाआधीपासून जमवलेला पाणपक्ष्यांचा संच. बारातले अकरा होते, फक्त चमचा नव्हता. चमचा म्हणजे चपट्या चोचीचा तो पांढरा पक्षी. आणि आईची नजर जात चालली होती. तिचे डोळे तपासले तेही याच माणसाने. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आता नंबर वाढवून उपयोग नाही. मोठ्या डॉक्टरांनीही हात टेकलेत. त्यांना काय दाखवायचंय ते लवकर दाखवून घ्या."

मग मार्गही त्यानेच सुचवला. परगावी त्याच्या ओळखीचा एक मोठा संग्राहक होता म्हणे. "त्याच्याकडे चमचा असणार. पण रिकाम्या हाताने विचारलं तर तो दाद देणार नाही." मी माझ्या कार्डांतला धनेश दिला. मग हळद्या दिला. मग माझा सगळ्यात लाडका खंड्याही दिला. दर वेळी भाऊ म्हणायचा, "शोधतोय हो तो, जरा धीर धरा." मी वेडी धरत बसले धीर. इकडे आई दारात आलेल्या माणसाला आवाजावरून ओळखायला लागली.

परवा त्याच्या घरी नवे पडदे लावायला गेले. तो दुकानात होता. वहिनी साधी बाई. "यांची पाखरं बघितलीत का?" म्हणत तिने अल्बम माझ्या मांडीवर ठेवला. पहिल्याच पानावर चमचा!

"तो होय? आमच्या लग्नाआधीपासूनचा आहे. कुणाला हात लावू देत नाहीत."

पान उलटलं तर माझा धनेश, माझा हळद्या आणि माझा खंड्या, कोपऱ्याला माझ्याच मशीनच्या तेलाचा डाग. हा म्हणे परगावचा संग्राहक! तळपायाची आग मस्तकात गेली. चमचा काढला आणि तडक त्याचं दुकान गाठलं. गिऱ्हाईक बसलेलं होतं, बसू दे.

"भाऊ म्हणवून घेऊन केसाने गळा कापलात माझा!"

तो हातातली काच पुसत राहिला. मग म्हणतो कसा, "तुमचा संच पूर्ण झाला असता, तर ती कार्डं मला दिली असतीत का? न्या तो चमचा आता. बदल्यात काही नको मला."

"नकोच असणार! आईचे डोळे किती दिवसांचे आहेत हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच सांगितलंत मला!"

तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चष्मा चढवायला वळला.

घरी आई खिडकीशी बसली होती. भांडणाचं काही सांगितलं नाही. "आई, चमचा मिळाला," म्हणून कार्ड तिच्या हातात दिलं. लहान पोरीसारखी हसली ती. कार्ड नाकाजवळ नेलं, उजेडाकडे धरलं, लांब केलं, परत जवळ आणलं. मग दोन्ही बाजूंवरून सावकाश बोटं फिरवली.

"अगं," ती म्हणाली, "चित्र कुठल्या बाजूला आहे?"