पहिले दोन शब्द

“मोठ्याने नको हं सांगूस, ताई. अडलेच तर पहिले दोन शब्द, बस्स,” धाकटी आरशात बघत म्हणाली, आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं विंगेत पुस्तक धरून नटांना वाक्यं पुरवणाऱ्या बाईला ही शिकवणार! हिचं नाक पुसलं कुणी लहानपणी?

“बरं,” एवढंच ती म्हणाली.

नाटक शेकडो वर्षांचं. राजा संशयापायी पोटच्या मुलाला मारतो आणि राणीला ते भर दरबारात, त्याचा एकच जोडा पाहून कळतं. थोरलीने विंगेतून त्याचे तीन अवतार पाहिले होते. मुकुटवाला, बिनमुकुटाचा, एकदा तर सगळे लष्करी बुटांत. मध्ये त्यावर सिनेमाही येऊन गेला. आता नव्या दिग्दर्शकाने राजाला कारखान्याचा मालक केलं होतं आणि दरबाराच्या जागी मीटिंगचं टेबल मांडलं होतं. पण राणीच्या एका वाक्याला कुणीच हात लावला नव्हता: “माझ्या लेकराचा दुसरा जोडा कुठंय? एका अनवाणी पायाने तो कुठवर जाईल?”

दर वेळी व्यवस्थापक म्हणायचे, “पुढच्या खेपेला राणी तुम्हीच, बाई.” पुढची खेप आली, आणि मालिकांतून नाव कमावलेली सख्खी बहीण राणी झाली. हे वाक्य तिला भांडी घासता घासता शिकवलं होतं थोरलीनेच. नातेवाईक म्हणाले, केवढा अभिमान वाटत असेल! अभिमान कसला!

पहिल्याच प्रयोगाला धाकटी त्या वाक्यापाशी अडली.

थोरलीने लगेच ओळखलं. नट मुद्दाम थांबला की त्याचा श्वास चालू असतो. विसरला की तो अडकतो. धाकटीचा अडकला होता. तिने विंगेकडे पाहिलं. ‘माझ्या लेकराचा’, दोनच शब्द, थोरलीच्या ओठांवर होते. तिने ओठ मिटले. बस आता बोंबलत! सगळ्यांना कळू दे.

धाकटी बघत राहिली. मग तिचे डोळे भरले. ती टेबलाखाली वाकली, मुलाचा तो एकच जोडा उचलून छातीशी धरला आणि एक शब्दही न बोलता निघून गेली. प्रेक्षागृहात हुंदके ऐकू आले. मग टाळ्या पडल्या, त्या थांबेचनात.

दिग्दर्शक धावत आला. “बाई, ते वाक्य काढून टाका! उद्यापासून तिथे फक्त शांतता.”

पेन्सिल थोरलीच्याच हातात होती. ज्या वाक्यासाठी बावीस वर्षं काढली, त्यावर तिने स्वतः रेघ मारली.

रंगपटात धाकटी तोंड पुसत होती. “तुला आठवत होतं ना, ताई?”

थोरलीने हातातलं पुस्तक मिटलं.

“मला वाटलं, सांगशील. मग तुझा चेहरा पाहिला.” धाकटीने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. “ते रडू नाटकातलं नव्हतं गं.”

दुसऱ्या दिवशी थोरली वेळेवर आली. त्या जागी धाकटी थांबली, विंगेकडे वळली. थोरलीचे ओठ हलले. माझ्या लेकराचा. आवाज न करता तिने वाक्य शेवटपर्यंत म्हटलं. धाकटी तोवर थांबली, मग जोडा उचलायला वाकली.