सातवी गोगलगाय

नवं पुस्तक हातात आलं की मावशी ते आधी हुंगायची. ती चित्रकार होती आणि लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढण्यात तिची वीस वर्षं गेली होती. या वेळी मात्र वास घ्यायच्या आतच पुस्तक भाचीने पळवलं. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. पाच वर्षांची ही पोरगी दिवसभर घर डोक्यावर घ्यायची, पण आकडे समोर आले की मान खाली घालून बसायची. मोजणं कच्चं आहे म्हणून शाळेतून तिच्या आईला दोनदा बोलावणं आलं होतं. तिच्याचसाठी मावशीने एक ते दहा मोजायचं हे चित्रांचं पुस्तक केलं होतं.

भिंगरी एकेका चित्रावर बोट टेकवत सातच्या आकड्यापर्यंत आली. तिथे दोन पानं मिळून एक लांबलचक भिंत होती आणि भिंतीवरून रांगेने निघालेल्या गोगलगायी. तिने मोजल्या. परत मोजल्या. तिसऱ्यांदाही मोजल्या.

"मावशी, सहाच येतात," ती म्हणाली. "मी परत चुकले."

मावशीने मोजलं. खरंच सहा होत्या. सगळ्यांत धाकटी, नखाएवढी गोगलगाय मधल्या घडीत गडप झाली होती.

"तू नाही गं चुकलीस. मी चुकले."

भिंगरीने मान डोलावली, पण ते मावशीचं मन राखण्यापुरतं. पुस्तकात कधी चूक असते का? तिने पुस्तक मिटलं आणि हळूच मावशीच्या टेबलावर ठेवून दिलं.

घडीवर काही काढायचं नाही, हे मावशीने झोपेतही सांगितलं असतं. पण चित्रं द्यायच्या शेवटच्या दिवशी रांग जरा मोकळी दिसावी म्हणून तिनेच ते पिल्लू मध्ये सरकवलं होतं. त्यात पुस्तक बांधणाऱ्या बाइंडरकाकांनी, पोरं पुस्तकं ओढतात म्हणून, कडेने दणकट टाके घातले आणि बोटभर कागद शिवणीत गेला. दोघांनीही चांगलंच करायला घेतलं होतं, आणि नेमकी तिथेच माशी शिंकली होती.

मावशी तडक प्रकाशकांकडे गेली.

"शुद्धिपत्र चिकटवू," प्रकाशक म्हणाले. "पुस्तकं सोमवारी शाळांत जायची आहेत. एका गोगलगायीसाठी केवढा आकांत!"

"शुद्धिपत्र वाचणार कोण? चार वर्षांचं पोर?"

"मोठी माणसं वाचतील."

"मोठी माणसं पोरालाच सांगतील, नीट मोज म्हणून. आणि ते पोर धरून चालेल की आपल्याला काही येत नाही. माझ्या घरात हे आजच झालंय. अशी एकही प्रत मी बाहेर जाऊ देणार नाही."

"अहो, हजार प्रती आहेत!"

"मला मोजता येतं," मावशी म्हणाली आणि जिना उतरली.

घरी येऊन तिने खोडरबर कोरून गोगलगायीचा ठसा केला. शिक्क्याची शाई गुळगुळीत कागदावर पसरली आणि गोगलगायीचा चिखल झाला. मग छापखान्यातून घट्ट शाई आणली. ती पसरेना, पण वाळायला तासभर घेई. तोवर प्रत उघडीच ठेवावी लागे. बाइंडरकाकांच्या कारखान्यातली टेबलं भरली, बाकं भरली, खिडक्यांचे कट्टेही भरले. काकांना चहाचा कप टेकवायला जागा उरली नाही.

"काम अगदी गोगलगायीच्या चालीने चाललंय हं, बाई," काका म्हणाले. "आणि कुणी पुस्तक फाडलंच, तर त्याला आतली आठवी फुकट!"

मावशीला हसू आलं नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मनगट ठणकत होतं, नखं काळी झाली होती. प्रकाशकांनी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तिने तो काकांच्या हातात दिला. भिंतीच्या उजव्या टोकाला, रांगेच्या शेवटी, एक ठसा. पुढची प्रत. एक ठसा.

रविवारी दुपारी शेवटचा गठ्ठा बांधायचा राहिला होता, तेव्हा बहीण भिंगरीला घेऊन आली. मावशीने गठ्ठ्यातली वरची प्रत उचलली आणि तिच्यापुढे धरली. भिंगरीने आधी हात मागे घेतले. मग मावशीच्या काळ्या नखांकडे पाहिलं आणि पुस्तक घेतलं.

ती जमिनीवर बसली. बोट भिंतीवरून सरकत गेलं. थांबलं. पुन्हा पहिल्या गोगलगायीवर गेलं.

"आठ आहेत," भिंगरी म्हणाली.

"नीट मोज बरं," आई म्हणाली.

"नीटच मोजलंय." भिंगरीने पुस्तक उचलून थेट मावशीच्या नाकाशी धरलं. "पुस्तक चुकलंय."

मावशीने पाहिलं. रांगेच्या शेवटी एकीला चिकटून दुसरी गोगलगाय होती. शनिवारच्या थकव्यात तिने एकाच प्रतीवर दोनदा ठसा मारला होता. तिला एकदम हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

"जाऊ दे गं पोरी," बाइंडरकाका म्हणाले, "हजारात एखादी चुकायचीच."

भिंगरीने ती प्रत बाजूला ठेवली आणि गठ्ठ्यातली दुसरी ओढली.

"थांबा," ती म्हणाली, "अजून बाकीची कुठे मोजलीत मी?"