सत्तरच्या खालची बॅटरी

बॅटरी ही उष्टी करायची वस्तू नाही, हे मी पहिल्याच बैठकीत उभं राहून सांगितलं होतं. आमच्या टॅक्सीतळावरचे साठ-सत्तर चालक पंख्याखालच्या खुर्च्या पकडून बसले होते आणि पुढे एक कोवळा साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होता. आता चार्जिंगसाठी दोन-दोन तास ताटकळायचं नाही, म्हणाला. गाडी केंद्रावर आणायची, रॅम्पवर चढवायची. खालून यंत्र येणार, रिकामी बॅटरी काढणार, भरलेली बसवणार. पाच मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर. त्यासाठी प्रत्येकाने आपली बॅटरी एकदा केंद्रात जमा करायची. मग ही माझी, ती तुझी असं काही राहणार नाही. सगळ्या बॅटऱ्या सगळ्यांच्या.

"टूथब्रशही जमा करायचे का?" मी विचारलं.

लोक हसले. त्यांना हसायला काहीही चालतं.

माझा विरोध उगाच नव्हता. चार वर्षं मी माझी बॅटरी पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. घरी आलो की आधी वायर लावायची, मग चपला काढायच्या. सकाळी काटा शंभरावर असलाच पाहिजे. सुट्टीच्या दिवशी गाडी जागची हलत नसे, तरी वायर लावलेलीच. काटा नव्वदच्या खाली उतरला की माझा जीव वरखाली व्हायचा. खडी आणि धूळ लागू नये म्हणून मी खालून जाड लोकरी नमद्याचं अस्तर शिवून बसवलं होतं. त्यावरून तळावरच्या लोकांनी मला 'गवसणीकाका' असं नाव ठेवलं. "लोक आकाशाला गवसणी घालतात, काका बॅटरीला घालतात," हा त्यांचा विनोद. चार वर्षं तोच एक विनोद त्यांना पुरला, यावरून त्यांच्या डोक्याचा अंदाज यावा.

आणि हे लोक कसे, तर त्यांच्यातला एक 'वादळ'. मागच्या सीटवर कालचा पेपर, डॅशबोर्डवर कंगवा, आरशाला मोजा वाळत घातलेला. बॅटरी कधी पूर्ण भरायची नाही. अर्धी झाली की वायर ओढून पसार. "अर्ध्यावर चालतंय की," म्हणायचा. असल्या माणसाने वापरलेली बॅटरी माझ्या गाडीत येणार आणि माझी त्याच्या गाडीत जाणार. सून निवडताना लोक चार घरं बघतात, इथे बघायचीही सोय नव्हती. पण तळावरचे सगळे योजनेत गेले, आणि एकट्याने बाहेर राहायचं तर दिवसाच्या चार फेऱ्या बुडणार. गेलो.

केंद्रावर बॅटऱ्या तपासायला तिघेजण पाळीपाळीने असत. एक चष्मेवाला, ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी दिसत नसे. एक कायम फोनवर. आणि तिसरी माझी लेक. तिने विजेचं शिक्षण घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिच्याइतकं काम त्या इमारतीत कुणालाच येत नव्हतं. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं की मुलं डोक्यावर बसतात.

जमा करायच्या दिवशी पाळी तिचीच होती. नियम सोपा होता. ती दोन वायरी लावणार, पडद्यावर बॅटरीच्या तब्येतीचा आकडा येणार, तो ती नोंदवणार. नवीकोरी म्हणजे शंभर. सत्तरच्या खाली असेल तर परत घेऊन जा, कारण ती दुसऱ्याच्या गाडीत जाऊन त्याला रस्त्यात दगा देणार. माझ्या आधी दोघांना परत पाठवलं होतं. त्या दोघांना मी रांगेतूनच ऐकवलं, "गाडी आहे का बैलगाडी? जनावरालासुद्धा माणसं बरी वागवतात." एकाने मान खाली घातली. मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

माझा नंबर आला. "बघ नीट," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात लेकीला म्हणालो. "या अख्ख्या गोतावळ्यात एकच निरोगी बॅटरी आहे. पंच्याण्णवच्या खाली आकडा आला तर तुझं यंत्र बिघडलंय असं समज. आणि मोठ्याने वाच, यांना कळू दे."

पडदा तिच्याकडे होता. तिने बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"बाबा, हे अस्तर कधीपासून आहे?"

"पहिल्या दिवसापासून," मी छाती काढून म्हणालो.

"आणि रोज शंभर भरता?"

"रोज. घरात राहतेस ना तू?"

तिने पुन्हा एकदा वायरी काढून लावल्या. रांगेतले लोक माना लांब करून उभे होते. "चौऱ्याहत्तर," ती म्हणाली आणि लिहून टाकलं.

मी संतापलो. पाठोपाठ वादळची बॅटरी ब्याण्णव निघाली, तेव्हा तर विचारूच नका. "नाचता येईना, अंगण वाकडं," तो मागून पुटपुटला आणि सगळी रांग खिदळली. मी यंत्राच्या सात पिढ्या काढल्या. लेकीशी दोन दिवस बोललो नाही. बायको म्हणाली, "अहो, आकडा तिने बनवलाय का?" मी म्हणालो, "तू जेवण वाढ."

त्यानंतर आठ महिने मी बारा गावचं पाणी प्यालेल्या बॅटऱ्यांवर टॅक्सी चालवली. जमा झालेल्या प्रत्येक बॅटरीला त्यांनी एकसारखी नवी पेटी आणि नवा नंबर दिला होता. कुठली कुणाची, ओळखण्याची सोय नाही. तरी मला ओळखू यायची. एखादी बॅटरी चढावर न कुरकुरता गाडी खेचायची, तेव्हा मी मनात म्हणायचो, ही माझी. आपला तो बाब्या. एखादी लवकर उतरली की ते दुसऱ्याचं कार्टं. केंद्रावर परत देताना मी मोठ्याने विचारायचो, "ही कुणी खाटकाने वापरली होती?" आसपासचे चालक दुसरीकडे बघायचे. रोज जेवताना लेकीला विचारायचो, "माझी सापडली का?" ती म्हणायची, "नंबर बदललेत बाबा. कळत नाही."

मग तो मंगळवार आला. भर दुपारी, उड्डाणपुलाच्या चढावर, मागच्या सीटवर एक दातांची डॉक्टरीण. तिचा रुग्ण तोंड उघडून तिची वाट बघत असावा, कारण ती दर मिनिटाला घड्याळ बघत होती. काटा एकतीसवर होता. एकतीसचा एकोणीस झाला, एकोणीसचा चार, आणि गाडी पुलाच्या मधोमध बसली. मागे भोंग्यांचा कालवा. बाई उतरून चालू लागली. जाताना म्हणाली, "गाडीची जरा काळजी घ्यावी हो माणसाने." मला! आणि दोर बांधून मला पुलावरून ओढत खाली आणलं कुणी, तर वादळने. वर "असू द्या काका, होतं असं" ही मखलाशी.

घरी येऊन मी तक्रार लिहायला बसलो. चार पानं लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे. ही बॅटरी ज्याने वापरली तो माणूस गाडी चालवायच्या लायकीचा नाही, आणि ही ज्याने तपासून आत घेतली त्याला तात्काळ कामावरून काढून टाकावे. या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या. माझा रोख चष्मेवाल्यावर होता.

लेक दोन दिवस तापाने अंथरुणावर होती. उठून बाहेर आली, कागद आणि त्यावरचा बॅटरीचा नंबर वाचला आणि तिथेच बसली.

"बाबा, ही तक्रार नका देऊ. मी ती बॅटरी कायमची बाजूला काढायला लावते."

"का? त्या चष्मेवाल्याला वाचवायचंय? तुम्ही सगळे एका माळेचे मणी."

"त्याचा काही संबंध नाही."

"मग कुणाचा आहे?"

तिने कागद माझ्यापुढे सरकवला आणि ती आत गेली. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही. दुसऱ्या दिवशी तळावर फिरून मी बेचाळीस सह्या गोळा केल्या. ज्यांना मी आयुष्यात शहाणं म्हटलं नाही, त्यांना त्या दिवशी सहीपुरतं शहाणं मानलं. वादळनेही केली. त्याची सही त्याच्या गाडीसारखीच होती.

चौकशी केंद्राच्या वरच्या खोलीत झाली. साहेब, तिघे तपासनीस, मी आणि सह्या करणाऱ्यांपैकी वीस-पंचवीसजण भिंतीला टेकून. साहेबाने माझी चार पानं मेजावर ठेवली आणि आपला पडदा लावला.

"काका, माणूस जे लिहितो ते वहीत राहतं, पण यंत्र जे मोजतं तेही यंत्रात राहतं, जुन्या-नव्या नंबरांसकट. ही बॅटरी आत घेतली त्या दिवशी यंत्राने मोजली होती अठ्ठावन्न. वहीत लिहिलंय चौऱ्याहत्तर."

"बघा!" मी भिंतीकडे वळून म्हणालो. "मी काय सांगत होतो? लबाडी आहे. कुणाची होती ही? नाव वाचा त्याचं."

साहेब माझ्याकडे वळला. "तुमची, काका."

मला वाटलं, खोली हसणार. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला भांडायला जागा मिळाली असती.

"अशी कशी माझी? मी रोज शंभर—"

"त्यानेच गेली," लेक दाराजवळून म्हणाली. तिच्या अंगावर केंद्राचा राखाडी डगला होता. "सतत काठोकाठ भरून ठेवली की ती आतून झिजते. आणि अस्तरामुळे तिची उष्णता बाहेर पडत नव्हती. चार वर्षं ती भाजत होती, बाबा." मग ती साहेबाकडे वळली. "आकडा मी खोटा लिहिला. ती कुणाच्या गाडीत जाऊ नये म्हणून आठ महिने मागच्या रॅकवर ठेवली होती. मी तापाने घरी होते, तेव्हा कुणीतरी काढली. चूक माझी आहे."

मेजावर माझं पान उघडं होतं. दोन रेघा मारलेलं वाक्य मला उलट्या बाजूनेही वाचता येत होतं.

तेवढ्यात वादळ भिंतीपासून सुटला, मेजापाशी आला आणि साहेबाच्या हातातलं पेन घेऊन त्याने आपली सही खोडली. त्याच्यामागून दुसरा आला. मग ज्याला मी रांगेत बैलगाडीवरून बोललो होतो तो. एकेक करून सगळे आले, खोडून परत भिंतीला जाऊन टेकले. मला त्यांचा राग आला. यांना दया करायला कुणी सांगितलं होतं? मी त्यांच्या जागी असतो तर खोडली नसती, हे मला तेव्हाच स्वच्छ कळलं, आणि लाज वाटली. साठ वर्षांत इतकी कधी वाटली नव्हती.

"सह्या खोडून नियम खोडला जात नाही," साहेब म्हणाला. "खोटा आकडा लिहिला म्हणजे नोकरी जाते. काही कारण होतं का?" लेकीने नुसती नकारार्थी मान हलवली.

"मी होतो कारण," मी म्हणालो. आवाज मोठा करायची सवय, पण तो निघेना. "रांगेत उभा राहून मी तिला दम दिला. पंच्याण्णवच्या खाली गेलीस तर यंत्र बिघडलं समज, असं म्हणालो. या सगळ्यांनी ऐकलंय. त्याआधी दोघांची अब्रू मी तिच्यासमोर काढली होती. तिने खरा आकडा वाचला असता तर तेच सगळं माझ्या वाट्याला आलं असतं. म्हणून लिहिलं तिने. आकडा तिच्या हातचा असेल, लिहायला लावला मी."

"खरंय," भिंतीकडून कुणीतरी म्हणालं.

साहेब खाली जाऊन वरिष्ठांशी फोनवर बोलून आला. लेकीची नोकरी राहिली, पण तपासणीचं काम गेलं. आता बॅटऱ्या पुसायच्या आणि यंत्रावर चढवायच्या, किती दिवस ते ठरलेलं नाही. माझं सदस्यत्व रद्द. "तुमची बॅटरी घेऊन जा काका," तो म्हणाला. "यापुढे तीच वापरा."

मी गाडी रॅम्पवर घेतली. अठ्ठावन्नची बॅटरी, एव्हाना पन्नासच्याही खाली आलेली, लेकीने स्वतः ढकलत आणली. यंत्राने खालून ती बसवली. इतकी शिकलेली पोर हातातल्या फडक्याने पेटीच्या कडा पुसत होती आणि चष्मेवाला तिच्या जागेवर बसून वायरी लावत होता.

"ऐंशीला थांबवा," ती खिडकीशी येऊन म्हणाली. "आणि साठ किलोमीटरच्या वरचं भाडं घेऊ नका."

"तू मला घरी का नाही सांगितलंस? आठ महिने होते."

"रोज सांगायचं ठरवायचे. तुम्ही जेवायला बसलात की आधी दुसऱ्यांच्या बॅटऱ्यांवर सुरू व्हायचात."

मला तिची माफी मागायची होती. शब्द माहीत होते, पण या तोंडाला त्यांची सवय नव्हती. मी स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिलो. मागच्या रांगेकडे बघून तिने 'थांबा' असा हात केला.

"बाबा, गाडी पुढे घ्या," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."