मंगळवारचं करिअर मार्गदर्शन

६५०.१४ : नोकरी मिळवणे

"ग्रंथपाल मेला," दुक्तूर मुफीद म्हणाले आणि रव्याच्या, पाकात भिजलेल्या बसबूशाचा तुकडा तोंडात टाकला.

दुक्तूर म्हणजे आमचे प्राध्यापक. दर मंगळवारी ते आम्हा ग्रंथालयशास्त्राच्या एम.ए.च्या मुलामुलींना करिअरचं मार्गदर्शन करत. खात खात करत. पाकाने चिकट झालेल्या बोटांनी समोरच्या पुस्तकाची पानं उलटत. त्या पुस्तकाची कोपऱ्यातली पानं एकमेकांना कायमची चिकटली होती आणि तिथे मुंग्या यायच्या.

"स्वतःला ग्रंथपाल म्हणवून घेऊ नका. लग्नसुद्धा जमणार नाही. मग काय म्हणायचं?"

"माहिती सल्लागार," आम्ही एका सुरात म्हणालो.

माझ्या शेजारी किरोलोस बसायचा. तो हळूच म्हणाला, "आईला सांगितलं मी, माहिती सल्लागार होतोय. ती म्हणाली, म्हणजे पोलिसांचा खबऱ्या का रे?"

मी हसले. तेव्हा हसू यायचं.

(वरचे आकडे ही आमच्या धंद्याची खोड. वर्गांक दिल्याशिवाय कुठलीही गोष्ट कुठे ठेवावी हे आम्हाला सुचत नाही. ज्यांना अडचण होईल त्यांनी आकडे गाळून वाचावं.)

९२० : चरित्र

दुक्तूरा नाझली आम्हाला तालिकीकरण शिकवायच्या. हिवाळ्यात गेल्या. लग्न केलं नव्हतं. हदाइक अल-कुब्बा या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये त्या, त्यांची धाकटी बहीण इस्मत आणि पुस्तकं. भिंती दिसतच नव्हत्या. संडासाच्या दाराबाहेरही फळी होती. तिच्यावर कायद्याची पुस्तकं, का ते विचारायचं राहिलं.

इस्मतना आम्ही सगळे तन्त म्हणतो. वयाने मोठ्या, चांगल्या घरच्या बाईला आमच्याकडे असंच म्हणतात. पुस्तकं विद्यापीठाला द्यायची ठरल्यावर ती लावून द्यायला तन्तने मला बोलावलं. अख्खा उन्हाळा मी त्या फ्लॅटमध्ये होते. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर खाली, एकाच उंचीवर, पांढरी चिठ्ठी. चिठ्ठीवर माझ्या हाताने काळ्या शाईत वर्गांक. तन्त दुपारी मुलूखियाची पालेभाजी आणि भात वाढायची आणि मी हात धुतले की नाहीत ते वास घेऊन बघायची.

"माझ्या बहिणीने नवरा केला नाही, ही केली," ती फळ्यांकडे हात करून म्हणायची. "आता ही विधुर झाली आणि मी यांची मेव्हणी."

तिची अट एकच होती. दुक्तूर मुफीद ताबा घ्यायला आले तेव्हा तिने ती त्यांना दारातच सांगितली.

"मुलांच्या हातात पडली पाहिजेत. कुलपात नकोत. मळली तरी चालतील."

वचन देताना ठेवतात तसं त्यांनी एक बोट उजव्या डोळ्यावर ठेवलं, मग डाव्यावर. "माझ्या डोळ्यांवर, हानिम. या आणि या." हानिम म्हणजे बाईसाहेब.

मग आत जाऊन त्यांनी फळीवर टिचकी मारली आणि विचारलं, "चामड्याची किती असतील?"

मला वाटलं, जपणुकीसाठी विचारताहेत. चामड्याला वेगळं जपावं लागतं. तिसऱ्या सत्रात आहे ते.

७४७ : गृहसजावट

हातिम आमच्या विभागाचा माजी विद्यार्थी. दुक्तूर मुफीद त्याला वर्षातून दोनदा आणायचे, खास पाहुणा म्हणून. तो ग्रंथालयं विकतो. मीटरवर. तजम्मूमधल्या नव्या बंगल्यांत दिवाणखान्याची एक भिंत पुस्तकांची असावी लागते. तिथे कुणी वाचत नाही, पण पाहुण्यांना बघायला काहीतरी लागतं. हातिम भिंत मोजून जातो आणि सोफ्याच्या रंगाची पुस्तकं आणून लावतो.

"तुमचंच ज्ञान आहे हे," तो आम्हाला म्हणाला. "फक्त गिऱ्हाईक बदललंय."

मला दुक्तूर मुफीदनी त्याच्याकडे कामाला लावून दिलं. मी गेले. शिकवण्या घेऊन घेऊन माझा घसा बसला होता आणि घरी माझ्या पदवीचा विषय निघाला की वडील टीव्हीचा आवाज वाढवत.

पहिल्याच बंगल्यात मी घोटाळा केला. मदाम शहीरांच्या भिंतीवर हिरवं डावीकडे, लाल उजवीकडे, मधे मातकट, असं लावायचं होतं. मी लावायला घेतलं आणि हात आपोआप चालले. कोणी माझ्या हातात खोकं दिलं की मी आधी शीर्षक वाचते, विषय पाहते आणि शेजार शोधते. कपाट भरल्यावर मागे सरून पाहिलं तर सुरेख लागलं होतं. धर्म, समाज, भाषा, शेती, इतिहास. कुणीही अंधारातसुद्धा हवं ते काढलं असतं.

मदाम शहीरांनी एका पुस्तकावर बोट ठेवलं.

"हे हिरवं या लालच्या मांडीवर का बसलंय?"

"दोन्ही कालव्यांवर आहेत, मदाम. लाल पुस्तक म्हणजे हिरव्याला दिलेलं उत्तर आहे."

त्यांनी हातिमकडे पाहिलं. नळ दुरुस्त करणाऱ्याने नवा नळ तोडला की पाहतात तसं. "हातिम, माझ्या सोफ्याला मळमळतंय."

परतीच्या वाटेवर गाडीत हातिम रागावला नाही. तेच जास्त वाईट होतं. "इन्शिराह, तू हुशार आहेस. तोच तुझा आजार. वाचू नकोस गं. नुसतं बघ. उद्यापासून वर्कशॉपमध्ये जा. तिथे वाचण्यासारखं काही उरत नाही."

मला वाटलं, बोलण्याची पद्धत आहे त्याची.

०२५.७ : पुस्तकांची बांधणी

वर्कशॉप बसातीनमध्ये, सुतारांच्या गल्लीत. सरसाचा, म्हणजे जनावरांची हाडं उकळून केलेल्या डिंकाचा वास गल्लीच्या तोंडापासून येतो. आत एक करवत, तिच्या मागे रबी नावाचा कारागीर. नाकातोंडाला फडकं.

नव्या बंगल्यांत भिंतींना खोली नसते. टीव्हीच्या बाजूची फळी जेमतेम चार बोटं. अख्खं पुस्तक मावत नाही. म्हणून रबी पुस्तक आडवं धरतो, करवतीत ढकलतो आणि पाठ वेगळी करतो. पाठ आणि तिला लागून तीन बोटं पानं. पाठी फळकुटावर ओळीने चिकटवतात. उरलेलं धड मागे फेकतात.

धडांचा ढीग माझ्या कमरेपर्यंत होता. मी एक उचललं. प्रत्येक पानावर प्रत्येक ओळ अर्धवट. आमच्या लिपीत ओळ उजवीकडून सुरू होते, म्हणून उजव्या पानावर ओळीचं शेपूट गेलेलं, डाव्या पानावर डोकं. कागदाचा भुसा माझ्या ओठांवर बसला. मी जीभ फिरवली. गोडसर लागला, आणि मी तोंडावर हात धरून दाराशी गेले.

"पहिल्या दिवशी सगळ्यांना होतं," रबी फडक्याआडून म्हणाला. "लिंबू हुंग. आणि हे तुझं काम." त्याने पाठींचं टोपलं माझ्याकडे सरकवलं, वर थिनरची बाटली ठेवली. "चिठ्ठ्या आहेत यांच्यावर. गिऱ्हाइकाला आवडत नाहीत. कुणी येड्याने एक नाही सोडलेलं. पुसून काढ."

पांढऱ्या चिठ्ठ्या. खाली, एकाच उंचीवर. काळी शाई.

मी पुसल्या. हेही लिहिते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी माझंच अक्षर पुसत बसले, कारण उठून काय करायचं हे सुचेना. नखांत शाई गेली. घरी आई म्हणाली, हाताला रॉकेलचा वास येतोय, आधी साबण लाव. मी जेवले नाही.

०२५.२१६ : संग्रहातून पुस्तकं बाद करणे

"बाद करणं हा ग्रंथालयाचा श्वास आहे. मीच शिकवलं होतं ना?" दुक्तूर मुफीद म्हणाले.

"बाद करायला यादी लागते. समिती लागते. आणि ती पुस्तकं बाद नव्हती."

"तळघरात गटाराचं पाणी झिरपतं, ठेवू कुठे? माझ्या बायकोच्या पलंगाखाली?" त्यांनी रुमालाने बोटं एकेक करून पुसली. "हातिमने त्या बदल्यात आपल्या मार्गदर्शन कक्षाला एसी दिला. तुम्ही मुलं त्याच एसीत बसून मार्गदर्शन घेता. घाम येत होता तेव्हा तक्रार करत होतात."

एसी चालू होता. त्या थंडीचीच मला किळस आली. अंगावरून पाल गेल्यासारखी.

"ऐक, बेटा," त्यांनी आवाज मऊ केला. "विभागात कंत्राटी जागा निघतेय. निवड समितीवर मी आहे. त्याआधी इस्मत हानिमचा सत्कार करायचाय, मानाची ढाल तयार आहे. तू तिथे दोन शब्द बोल, मार्गदर्शनामुळे नोकरी कशी लागली त्यावर. ती म्हातारी बाई खूश होऊन घरी जाईल. तू जागेवर बसशील. यात कुणाचं काय कापलं जातंय?"

बाहेर किरोलोस उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा काही बोलेल असं वाटलं, पण तो फक्त म्हणाला, "जागा घे. नंतर बोल."

"नंतर म्हणजे कधी?"

"पक्की झाल्यावर."

"मुफीदसुद्धा कधीतरी असंच ठरवून बसले असतील, किरोलोस."

"असतील," तो म्हणाला. "म्हणून तर त्यांच्याकडे खुर्ची आहे."

३९४.२ : समारंभ

आमच्याकडे ज्याचं काही घ्यायचं असतं त्याला ढाल देतात. लाकडी, मखमलीच्या डब्यात, वर पितळी अक्षरांत नाव. तन्त इस्मत पहिल्या रांगेत बसली होती, ठेवणीतला कोट घालून, डबा मांडीवर आडवा धरून. प्रत्येक खुर्चीवर रसाचा डबा आणि बिस्किटं होती. हातिम टाय लावून बसला होता. मागे आमचा सगळा वर्ग आणि खालच्या वर्गातली मुलं.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. दुक्तूर मुफीदनी मान डोलावली.

मी काही बोलायच्या आधीच तन्तने हात वर केला. "बाळा, आधी एक सांग. पुस्तकं कितव्या मजल्यावर ठेवलीत? माझे गुडघे आज बरे आहेत. कार्यक्रम झाला की बघून येते."

"रंगकाम चालू आहे, हानिम," दुक्तूर मुफीद जागेवरून म्हणाले. "वास फार आहे."

तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

जागा माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मला ती हवी होती. आत्ताही हवी आहे.

"तन्त, ती कापली," मी म्हणाले. "पाठी कापून बंगल्यांत भिंतींना लावल्या. बाकीचं बसातीनमध्ये एका वर्कशॉपमध्ये ढिगात आहे. चिठ्ठ्या मी पुसल्या."

कुणीतरी स्ट्रॉने रसाचा शेवटचा घोट ओढला.

तन्तने विचारलं, "सगळी?"

"जवळजवळ."

हातिम घड्याळाकडे बघत होता. दुक्तूर मुफीद उठले आणि हसले. आणि मग मागून, खालच्या वर्गाच्या रांगेतून, एक हात वर आला. नीटनेटकी मुलगी, फाईल छातीशी धरलेली.

"म्हणजे वर्कशॉपमधली तुमची जागा आता रिकामी का?"

दोघंतिघं हसले. तिने हसण्यासाठी विचारलं नव्हतं. तिने लिहून घ्यायला पेन काढलं होतं.

"बघा," दुक्तूर मुफीद टेबलावर हात आपटून म्हणाले. "याला म्हणतात तडफ. हेच मी दर मंगळवारी सांगतो."

टाळ्या वाजल्या. आधी थोड्या, मग बऱ्याच. हातिम खिशातून कार्डं काढून मागे द्यायला लागला आणि ती रांगेरांगेने पुढे गेली, बिस्किटांसारखी. किरोलोसनेही एक घेतलं. मला पाहून त्याने ते उलटं धरलं. टाकलं नाही.

मी तन्तच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिले.

वर्गांक नाही

तन्तने ढालीचा डबा खुर्चीखाली सरकवला आणि म्हणाली, "मला तिथे घेऊन चल."

बसातीनच्या गल्लीत तिने नाकाला रुमाल लावला तो काढला नाही. रबीने करवत बंद केली. तिने ढिगातलं एक धड उचललं, पान उघडलं, ओठ हलवत वाचायचा प्रयत्न केला, दुसरी ओळ, तिसरी ओळ. मग ते परत ठेवलं.

"हे कुठे जाणार?"

"दाणे भाजणाऱ्या भट्टीवाल्यांकडे, हाग्गा. पुड्या बांधायला," रबी म्हणाला. म्हाताऱ्या बायकांना गल्लीत हाग्गा म्हणतात. "बारीकही आहेत, ती न्या हवी तर." त्याने कोपऱ्यातली दोन पोती दाखवली. "यांना पाठच नाही. कागदासारखी पातळ. भिंतीवर दिसत नाहीत, म्हणून कापली नाहीत. उद्या टाकणारच होतो."

मी पोत्यात हात घातला. व्याख्यानं, पत्रिका, गावोगावच्या वाचनालयांचे अहवाल, नाझलीबाईंनी वर्गात वाटलेली टिपणं. अख्खी होती. प्रत्येक ओळीला डोकं आणि शेपूट.

रबी पोतं उचलायला पुढे झाला.

"तू नको," तन्त म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुझे हात लागायला नकोत. ही उचलेल."

मी उचलली. एकेक करून, गल्लीच्या तोंडापर्यंत. टॅक्सीवाला म्हणाला कचरा असेल तर मागे नको, सीट नवी आहे. तन्त म्हणाली, "आम्ही मांडीवर घेतो." आणि खरंच एक पोतं तिने मांडीवर घेतलं, ठेवणीतल्या कोटावर. दुसरं मी घेतलं.

पूल ओलांडल्यावर तिने विचारलं.

"आणि तुझी ती विद्यापीठातली जागा?"

"गेली, तन्त."

"बरं झालं."

पुढचा सिग्नल लागला, सुटला. तिने कोटावरचा भुसा झटकला, बोटांना लागला तो पाहून तोंड वाकडं केलं, काच खाली केली आणि हात बाहेर धरला.

"बरं नाही झालं," ती म्हणाली. "मी उगाच म्हणाले."