झेल धरणारा

जुळे सोलापुरातल्या बिरुदेवच्या व्हिडिओ मिक्सिंगच्या दुकानातला कॉम्प्युटर दमला होता. नवरदेवानं हार घालायला हात उचलला की पडद्यावर तो हात तिथंच अडकायचा आणि आतला पंखा घरघरत बसायचा. तरी लग्नाची कामं रेटून निघत होती. आपलं लग्न चार दिवस उशिरा बघायला मिळालं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

खरी अडचण आबांच्या ओवीची होती. आबा म्हणजे बिरुदेवचे वडील बिरप्पा, सांगोल्याकडच्या वाडीतले, मेंढरं राखत म्हातारे झालेले. देवळापुढं कानावर हात ठेवून ते ओवी म्हणायला लागले की माणसं जेवण विसरायची. तो गळाच तंबाखूनं खाल्ला. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बिरुदेवनं त्यांना दुकानात आणून माइकपुढं बसवलं. घरातली मोठी ओवी आबांनी खोकत, थांबत, दम घेत पुरी म्हटली. दुष्काळात खापरपणजोबा मेंढरं घेऊन भीमेपल्याड गेले आणि परत आले नाहीत, त्याची ती ओवी. आबांशिवाय ती कुणालाच येत नव्हती.

बिरुदेवलाही नाही. धनगरी ओवीत एकजण पुढं म्हणतो आणि मागचा ओळीचा ठरलेला शेवट उचलून धरतो, त्याला झेल धरणं म्हणतात. बिरुदेव पोरवयापासून आबांचा झेल धरायचा. पुढचं सगळं आबा बघून घेतात म्हटल्यावर पाठ करायचं कशाला? आणि पुढं शहरात दुकान थाटल्यावर तर त्याला तेवढी सवडही नव्हती.

आता आबा दवाखान्यातून घरी यायच्या आत त्या आवाजातला खोकला आणि रस्त्यावरचे हॉर्न काढून ओवी लख्ख करायची, असं त्यानं मनाशी धरलं होतं. जुनं मशीन मात्र निम्म्यावर आलं की मान टाकायचं. नव्या पेठेतल्या महेश्वरनं, बिरुदेवच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्यानं, उपाय सांगितला. "बोर्ड हाच चालतंय. नुसता प्रोसेसर बदल. रातभर चालणारं काम च्या पिऊस्तोवर हुतंय बघ."

बिरुदेवनं विचार केला, नाही असं नाही. जुना प्रोसेसर रडका असला तरी त्याच्या खोडी माहीत होत्या. नवा जास्त तापेल, पंखा बदलावा लागेल. ऐन लग्नसराईत मशीन उघडून बसायचं म्हणजे आणखी एक ताप. मग त्यानं मोबाईलवर नव्या प्रोसेसरचे व्हिडिओ लावले, रंगीत पट्ट्यांचे आलेख बघितले. एकदा माणूस असले आलेख बघायला लागला की त्याचं काय ठरलंय ते कळायला ज्योतिषी लागत नाही.

त्याची बायको सुकन्या मागं उभी राहून बघत होती. "आवं, आदी मामांची ओवी दुसरीकडं उतरून ठिवा. मग काय उगडायचं ते उगडा."

"दुसरी डिस्क लग्नानं भरलीया. आन प्रोसेसर बदलला तर डिस्कला काय हुतंय? दोनी येगळं हायती की."

"मला त्यातलं कळत न्हाय. पर मामा परत म्हनू शकत न्हाईत, एवढं कळतंय."

तो हसला. ओवी ज्यावर भरली होती ते माइकमधलं मूळ कार्डसुद्धा त्यानं पुढच्या लग्नासाठी केव्हाच पुसलं होतं.

भरदुपारी त्यानं नवा प्रोसेसर बसवला. मशीन सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. प्रोसेसर बदलला आहे, आत जपलेल्या जुन्या किल्ल्या पुसून पुढं जाऊ का? इतक्या वर्षांत मशीननं जे जे विचारलं त्याला बिरुदेवनं वाचल्या न वाचल्यासारखं करून 'हो' म्हटलं होतं. तसंच आताही म्हटलं.

मग पडदा निळा झाला. डिस्कला कुलूप आहे, किल्लीचा आकडा टाका.

शेजारच्या दुकानात चोरी झाली तेव्हा गिऱ्हाइकांचे व्हिडिओ जपायला त्यानंच हे कुलूप घातलं होतं. रोज आत जपलेली किल्ली मशीनच आपली आपण लावायचं, त्यामुळं कुलूप आहे हेही तो विसरला होता, आणि आता त्या 'हो'नं तीच किल्ली पुसली गेली होती. जादा किल्ली एका पेनड्राइव्हवर ठेवली होती. त्यानं खण उपसला. पण लग्नसराईत हाताला येईल तो पेनड्राइव्ह पुसायचा, त्यावर लग्न भरायचं आणि गिऱ्हाइकाला द्यायचा, ही त्याच्या धंद्याची रीत. ती किल्ली कुणाच्या तरी वरातीखाली पुसली गेली होती. त्यानं जुना प्रोसेसर परत बसवून बघितला. पडदा निळाच राहिला. महेश्वर येऊन बघून गेला आणि जाताना एवढंच बोलला, "हो कशाला दाबलास?"

आबा घरी आले. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांनी कॉम्प्युटरकडं बोट केलं आणि कानाला हात लावला. लाव, म्हणत होते.

"आबा, ग्येलं," बिरुदेव म्हणाला. "माज्या हातनं ग्येलं. कायच ऱ्हायलं न्हाय."

आबांना पटकन उमजलं नाही. उमजलं तेव्हा ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कानावर हात ठेवला, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा सुसू करत आली. ओठ हलत होते, बोटं मांडीवर ठेका धरत होती. ओळ संपली तिथं ते थांबले आणि त्याच्याकडं बघू लागले.

"पल्याड गेला, जी गा, पल्याड गेला," बिरुदेवनं झेल धरला.

आबांनी दुसरी ओळ घेतली. तो त्यांच्या ओठांकडं डोळे ताणून बघत होता. मेंढरं म्हणाले की माणसं, नदी की नातू, काही कळेना. सुकन्या दारात आली, आणि तिला बघवेना म्हणून आत गेली. आबा थांबले. वाट बघू लागले.

"पल्याड गेला, जी गा, पल्याड गेला."

आबांनी अख्खी ओवी म्हटली. बिरुदेवनं एकही झेल चुकवला नाही.