कुंकू लावलेली दुर्बीण

मी एक दुर्बीण बोलतेय. आजवर नुसतं बघत आले, म्हटलं आता थोडं बोलून घ्यावं.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण जन्मल्या जन्मल्या माझ्या डोळ्यांवर झाकणं बसवली आणि खोक्यात घातलं. झाकणं निघाली ती एकदम नाशकात, सलीमभाईंच्या दुकानात. तिथल्या काचेच्या कपाटात माझ्या शेजारी वीस पट मोठं दाखवणारी एक धिप्पाड दुर्बीण होती. मी आपली आठ पटांची. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिच्याकडे बोट दाखवायचं, आणि मी पाहुण्यांच्या घरी न्यायला विसरलेल्या धाकट्या मुलीसारखी बघत राहायचे.

मग थंडीच्या दिवसांत एके सकाळी सोमनाथ आला. बाहेर टेम्पो तसाच धडधडत ठेवून दुकानात शिरला.

"सगळ्यात मोठी कोणती हे? ती द्या."

"अरे बाबा, बघायचंय काय ते तर सांग," सलीमभाई म्हणाले.

"पक्षी. रोहित."

"कोण रोहित?"

"पक्षीच तो! फ्लेमिंगो. गुलाबी राहतो."

सलीमभाईंनी मला पुढे केलं. सोमनाथनं माझ्यावरचे आकडे वाचले आणि तोंड वाकडं केलं. तो पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसची द्राक्षं वाहतो. तिथे मण्याचा आकार भोकाच्या पट्टीतून मोजतात, आणि ती पट्टी त्याच्या किल्ल्यांना कायम लटकलेली. तिच्यातून त्यानं माझा डोळा मापायला घेतला.

"बेचाळीस एमएम लिहिलंय. आमच्याकडे अठराचा मणी फॉरेनला जातो. पण त्या मोठीवर साठ लिहिलंय! साठ सोडून बेचाळीस कोण नेईल?"

"ही दुर्बीण आहे, थॉमसन द्राक्ष नाही. बाहेर चल, दोन्हींतून बघ. दुकानात भिंत बघून दुर्बीण घेतात का कोणी?"

रस्त्यावर उभं राहून सोमनाथनं थोरलीला डोळ्यांना लावलं आणि एकदम दुकानाचा खांब धरला. "भूकंप झाला का हो?"

"भूकंप नाही, तुझा हात आहे. ती चित्र वीस पट मोठं करते, तसं थरथरणंही वीस पट करते. कुणासाठी घेतोयस?"

"आईसाठी."

"चष्मा आहे?"

"जाड."

सलीमभाईंनी आतून आपल्या अम्मीला हाक मारली. हुस्नबानो चष्मा सावरत आल्या. थोरलीतून बघून म्हणाल्या, "यात तर रात्र झालीय." मग सलीमभाईंनी माझ्या डोळ्यांपाशी असलेल्या रबरी कडा खाली दुमडल्या. चष्मा घालणाऱ्यांसाठी त्या तशा दुमडाव्या लागतात, हे गिऱ्हाइकांना कुणी सांगतच नाही. हुस्नबानोंनी मला चष्म्याला टेकवलं, रस्त्यापलीकडे रोखलं आणि लगेच गप्पा मारायला लागल्या.

"या अल्ला, मिसळवाल्यानं आज दाढी केली नाही. आणि तर्री वरून काढून स्वतःच्या ताटलीत घेतोय, बघ मेला!"

सोमनाथ माझ्याकडे वळला. आता त्याच्या आवाजात मघाचा तोरा नव्हता. "पण काका, आठ म्हणजे कमी नाय ना पडणार? तिला नीट दिसलं पाहिजे. पुन्हा पुन्हा ती काय घराबाहेर निघणार नाय."

"जे दिसेल ते नीट दिसेल," सलीमभाई म्हणाले. "दिसणारच, असं मात्र मी सांगणार नाही. पक्षी माझ्या दुकानातले नाहीत."

अशी मी निवडली गेले. सलीमभाईंनी सोबत एक मऊ फडकं दिलं आणि बजावलं, काचेला फक्त हेच लावायचं. सोमनाथनं द्वारका चौक ओलांडायच्या आत त्याच फडक्यानं टेम्पोचा आरसा पुसला.

वाटेत तो फोनवर मित्राशी बोलला, तेव्हा मला सगळं कळलं. त्याचा थोरला भाऊ शेखर गणपतीच्या आधी तापानं गेला होता. शेखरला पक्ष्यांचं वेड. सुटी मिळाली की कुणाची तरी दुर्बीण मागून नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायचा, आणि घरी येऊन बगळा कसा चालतो ते ओट्यावर चालून दाखवायचा. सोमनाथ त्याला बदकांचा सरपंच म्हणायचा. शेखरनं आईला शब्द दिला होता, "औंदा तुला रोहित दाखवतो." शेखर गेल्यापासून त्यांची आई, चतुराबाई, धड जेवत नव्हती. अर्धी भाकरी, तीही सोमनाथ समोर बसला तर. आता दादाचा शब्द आपण पुरा केला की आई जेवेल, असं सोमनाथच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. फ्लेमिंगोचा आणि भाकरीचा संबंध काय, असं मित्रानं विचारल्यावर त्यानं फोनच कापला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं. सोमनाथ टेम्पो काढायला गेला आणि मी चतुराबाईच्या हाती सापडले. त्या घरात नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. टेम्पोची झाली, मिक्सरची झाली, माझी कशी चुकणार? मिक्सरला बटणाजवळ एक बोट ओढलं होतं. मला तर चांगले दोन डोळे! चतुराबाईनं ओलं कुंकू कालवलं आणि माझ्या दोन्ही मोठ्या काचांवर मधोमध एक एक भरघोस टिळा लावला. वर अक्षता. हात जोडले आणि झाकणं घट्ट बसवली, तसं ओलं कुंकू काचभर ओघळलं. मी किंचाळले असते, पण आम्हाला तोंड नसतं.

नांदूर मध्यमेश्वरला पोचलो तेव्हा पाण्यावर ऊन आलं होतं. पाणथळीत लांब पायांचे, उंच पक्षी घोळक्यानं उभे होते. सोमनाथनं झाकणं उडवली, मला डोळ्यांना लावलं आणि असा ओरडला की जवळची बदकं पार पलीकडे गेली.

"आये! रोहित! हायेत! लय हायेत! गुलाबी! दादा खोटं बोलत नव्हता!"

चतुराबाईनं चष्म्यावरून मला लावलं. बराच वेळ इकडून तिकडे फिरवलं.

"सोमा, पाणीबी गुलाबी हे."

"ते उन्हानं."

"आभाळबी गुलाबी हे."

"सकाळचं राहतंच तसं."

चतुराबाईनं मला मागे वळवलं. "आणि आपला टेम्पो? पांढरा होता ना? कधी रंगवला?"

"आये, तू पक्षी बघ ना! टेम्पो काय बघती? दादानं सांगितलं होतं ना, दाखवीन म्हणून? मग हे बघ, दिसले! झालं ना?"

चतुराबाईनं मला उलटं धरलं. तिचे दोन टिळे तिच्याकडे बघत होते. एका काचेवर अक्षताही चिकटलेल्या. सोमनाथनं बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, डोळ्यावर कुंकू लावतं का कुणी?"

"मग कुठं लावायचं? तोंड कुठलं अन् पाठ कुठली, कळतं का तिचं?"

बाटलीतलं पाणी माझ्यावर ओतलं गेलं. पाण्याची मला भीती नाही, मी त्याच्यासाठीच बनलेय. मऊ फडकं शोधलं, ते डिझेलच्या कॅनवर सापडलं. शेवटी चतुराबाईनं पदरानं पुसलं. उजव्या काचेवर एक बारीक रेघ उठली, ती अजून आहे.

आता सोमनाथनं पाहिलं. पक्षी पांढरे होते. सगळेच्या सगळे पांढरे. त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी दोनदा चाळलं. मग मला आईच्या हातात देऊन मातीत बसला.

"नाय हेत. एकबी नाय. उगा आणलं तुला."

 चतुराबाईनं मला पुन्हा त्या पांढऱ्यांवर धरलं. मी माझी होती नव्हती ती ताकद लावली. एका पक्ष्याची चोच पुढे चपटी होती, पळीसारखी. तो मान खाली घालून ती पाण्यात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे ढवळत चालला होता. मध्येच थांबायचा, काही गिळायचा, पुन्हा ढवळायचा.

"सोमा, हा कोण रे? पळी घेऊन आलाय."

"चमच्या," सोमनाथ मान वर न करता म्हणाला. "दादा लय सांगायचा त्याचं."

शेखरचं नाव निघालं. मला वाटलं आता चतुराबाई रडणार. पण ती हसत होती. पोट धरून, चष्मा घसरेपर्यंत.

"अरे, हा तर शेखऱ्या! आमटीतला बटाटा शोधतोय! अशीच पळी फिरवायचा मेला, खालपासून वरपर्यंत! सगळे बटाटे याच्याच ताटात, अन् आपल्याला नुसतं पाणी!"

सोमनाथनं वर पाहिलं. "मला तर कधीच मिळाला नाय बटाटा," तो म्हणाला, आणि त्यालाही हसू फुटलं.

"भाकरी काढ," चतुराबाई म्हणाली. "भूक लागली."

तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या, ठेच्याबरोबर, मला एका हातानं डोळ्यांना धरून. चित्र स्पष्ट करायच्या माझ्या चाकाला अजून लसणाचा वास येतो. मग सोमनाथनं मला घेतलं. कितीतरी वेळ त्या चमच्याकडे बघत राहिला. चाक पुढे फिरवलं, मागे फिरवलं.

"आये, धुरकट दिसतंय. तुझं कुंकू राहिलंय अजून."

"राहिलं असेल," चतुराबाई म्हणाली. "तू बघ निवांत."

माझ्या काचा स्वच्छ होत्या.

आता मी त्यांच्या घरात दाराजवळच्या खिळ्याला असते. चतुराबाई रोज माझ्यातून शेजारच्या गच्चीवरचे पापड मोजते आणि तारेवरच्या वेड्या राघूला नावं ठेवते. रोहित आल्याची बातमी लागली की आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी कुंकू पट्ट्याला लागेल, असं वचन मी घेतलंय, म्हणजे मनातल्या मनात.

तुम्हीही माझ्यासारखी कुणी घ्यायला गेलात, तर मोठी मागू नका. ज्याला दाखवायचंय त्याचा चष्मा सोबत न्या. आणि माझ्यातून बघता बघता कुणी धुरकट दिसतंय म्हणालं, तर लगेच फडकं घेऊन धावू नका. त्याला जरा वेळ बघू द्या.