सहा दिवस उशीर

पाटील सरांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. मागच्या बाकावर लताबाईंनी डुलकी आवरली. धुळ्याच्या कॉलेजातला हा त्यांचा चौदावा रविवार. आठवडाभर शाळा, पहाटे उठून भाकरी थापणं, आणि सातव्या दिवशी नरडाण्याहून बस धरून शालेय व्यवस्थापन पदविकेचा वर्ग. वर्गात तीसेक जण. निम्मे मुख्याध्यापक, निम्मे मुख्याध्यापक होऊ पाहणारे.

पाटील सर लताबाईंच्याच शाळेचे मुख्याध्यापक. येत्या मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते. ज्येष्ठतेनं पुढची पाळी लताबाईंची. पण पदविका हवी आणि गोपनीय अहवाल स्वच्छ हवेत, असं संस्थेनं बजावलं होतं. सर या वयात कशासाठी शिकताहेत, हे मात्र कोणाला उमगलं नव्हतं. मुदतवाढ हवी असेल, असं शिक्षकखोलीत बोललं जाई.

आजचा स्वाध्याय होता, आपला एक चुकलेला निर्णय. आधीच्यांनी गणवेशाचा रंग, सहलीची तारीख असलं काहीबाही वाचलं होतं.

"सन एकोणीसशे एक्याऐंशी, जुलै," सर वाचत होते. "आमच्या एक शिक्षिका सलग सहा दिवस उशिरा आल्या. मी मेमो दिला. त्यांनी उत्तरात 'घरगुती अडचण' एवढंच लिहिलं. मी अधिक विचारलं नाही. गोपनीय अहवालात शेरा मारला, 'वक्तशीरपणा नाही. जबाबदारीच्या पदास अयोग्य.' तो त्यांना कळवायला हवा होता. कळवला नाही."

लताबाईंच्या हातातलं पेन वहीवर तसंच टेकून राहिलं. शाई पसरत गेली.

"पुढे शिपायाकडून कळलं, त्यांची लहान मुलगी दवाखान्यात होती. खोडलं तर खाडाखोड दिसेल, म्हणून शेरा राहू दिला. दोन वर्षांनी पर्यवेक्षकाचं पद निघालं. ते त्यांच्यामागून लागलेल्या शिक्षकाला गेलं. बाईंनी कधी तक्रार केली नाही."

मागून लागलेले ते कौतिक सर. त्यांनी अध्यक्षांचे पाय धरले असणार, असं लताबाई अकरा वर्षं मानत आल्या होत्या. कौतिक सरांच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलावणंही त्यांनी सोडलं होतं.

"त्या बाई आता कुठे असतात?" शिकवायला आलेल्या प्राध्यापकांनी विचारलं.

"नोकरीत आहेत," सर कागदाकडे बघत म्हणाले आणि खाली बसले.

परतीच्या बसमध्ये दोघांना एकच बाक मिळाला. एरवी सर खिडकीला डोकं टेकून झोपत. आज ताठ बसले होते.

"लताबाई, मी उद्या संस्थेला लेखी देतो. शेरा चुकीचा होता म्हणून."

"बरं."

रागवायलाही अंगात जोर लागतो. लताबाईंना त्या घटकेला फक्त पाय सुजल्याचं जाणवत होतं.

"ती मुलगी बरी आहे ना आता?" सरांनी जरा वेळानं विचारलं.

लताबाईंनी पदरानं तोंडावरची धूळ टिपली.

"मला मुलगी नाही, सर. दोघं मुलगेच. दोघंही तुमच्या हाताखाली दहावी झाले."

सरांनी मान वळवली. "मग धनसिंग शिपाई..."

"त्याला काहीतरी सांगायला लागलं असेल." त्यांनी आवाज खाली केला. "वस्तीवरच्या निंबाभाऊंची प्रमिला आठवते? दहावीत होती. तिनं शाळा सोडली. मी बघायला गेले तर निंबाभाऊ म्हणाले, 'पोरनं लगीन ठरेल शे, बाई.' मग रोज सकाळी जात राहिले. दोन कोस चालत. ओट्यावर बसायची, ते बैलांना चारा घालत राहायचे, उत्तर द्यायचे नाहीत. सातव्या दिवशी पोर माझ्याआधी वर्गात येऊन बसली होती."

"हे मेमोच्या उत्तरात का नाही लिहिलंत?"

"मी आल्यामुळे सोयरीक मोडली, हे गावात कळता कामा नये, अशी शपथ घातली होती त्यांनी. पोरीचं पुन्हा जमलं नसतं." लताबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "तुम्ही केबिनमध्ये बोलावून विचारलं असतं, तर तुम्हाला सांगितलं असतं."

रस्त्याच्या कडेनं सरकीच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी मागं पडली. कंडक्टर तिकिटं फाडून पुढे गेला. मग सर बोलले ते इतक्या हळू, की लताबाईंना आधी ते कोणा दुसऱ्याशीच बोलताहेत असं वाटलं.

"ती पोर आते कोठे शे?"

सोळा वर्षांत सर शाळेतली भाषा सोडून घरच्या बोलीत त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

"दोंडाईचाले," लताबाई म्हणाल्या. "दवाखानामा नर्स शे."

सरांनी मान हलवली. पिशवी मांडीवरून उचलून पायांशी ठेवली आणि त्यांच्याकडे तोंड करून बसले.

"पहिला दिनपासून सांगा, बाई. बठ्ठं, काही सोडू नका."

लताबाईंनी चपला काढून पाय मोकळे केले. अर्ध्या वाटेवरचं सोनगीर अजून यायचं होतं.